त्या खोलीतल्या पाच जणी

१२ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावरचा पत्ता मी पोस्टातल्या कारकुनाकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न उघडताच केरात टाकलं असतंस. आता उघडलंच आहेस तर निदान हे पान संपव.

नमस्कार-चमत्कार करत नाही. तब्येत कशी आहे, तेही विचारत नाही, कारण तू उत्तर देणार नाहीस.

तू जाताना स्वयंपाकघरात उभी राहून जे बोललीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "त्या खोलीत आपण पाच जणी होतो, वहिनी. मॅडम, हेडबाई, टेलरबाई, तू आणि मी. मी काही स्वतःचीच चुगली केली नाही. उरलेल्या चौघींत कुणाच्या नवऱ्याची बढती अडकलेली होती?" मी तेव्हा गप्प राहिले. आणि पुढच्याच महिन्यात तुझ्या दादाला मशीनवर सुपरवायझर केलं. झालं! आता कुणाला काय सांगायचं?

मी सांगितलं नाही. हे एकदाच लिहिते. पुन्हा पुन्हा लिहिलं की माझं मलाच खोटं वाटायला लागतं.

पण मग कुणी सांगितलं? ते मी शोधून काढणार आहे. माझं काम काय ते तुला माहीत आहे. दिवसभर उजेडाच्या टेबलापाशी उभं राहायचं, कारखान्यातून आलेला कोरा कागद एकेक ताव उलटायचा आणि डाग शोधायचा. कागद कितीही पांढरा असला तरी डाग असतो, हे धरूनच मी हात लावते. आता माणसांनाही तसाच हात लावायला लागले आहे.

शोध घ्यायचा तर पहिल्यापासून घ्यायला हवा, म्हणून तुला माहीत असलेलंच लिहिते. शनिवारी दुपारी वाचन मंडळ होतं. घरकामाचा इतिहास सांगणारं ते जाडजूड पुस्तक आपण संपवलं होतं. बाईच्या कामाला काम का म्हणत नाहीत, यावर हेडबाईंनी नेहमीप्रमाणे वर्ग घेतला. मग तू म्हणालीस, "पुस्तकातलं पुरे. मी दवाखान्यात काय बघते ते सांगू?" आणि सांगितलंस, की खालच्या लाइनीतल्या कामगार-चाळींतल्या पोरांच्या हातापायांवर चट्टे येतायत, की ती सगळी ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी वापरतात, आणि त्याच ओढ्यात आपल्या कारखान्याचं सांडपाणी जातं. म्हणालीस, "मी पाणी तपासणीच्या कार्यालयाला पत्र लिहिणार आहे." टेलरबाई रडायला लागली, कारण चट्टे तिच्याही पोरीला आहेत. मॅडमनी तुझा हात धरला. सोमवारी डॉक्टरांनी तुला बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, आणि कारण विचारलंस तर टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

मंडळ अजून चालू आहे. दर शनिवारी, कामगार कल्याण केंद्राच्या माडीवर, त्याच खोलीत. तुझी खुर्ची कुणी हलवलेली नाही. आणि ऐक, मॅडमनी पुढचं पुस्तक कोणतं आणलं असेल? नदीचं! कुणी एक बाई नदीच्या उगमापासून मुखापर्यंत चालत गेली, त्याचं वर्णन. डॉक्टरांच्या तोंडून तुला नोकरीवरून काढलं कुणी, तर मॅडमच्या नवऱ्याने, कारखान्याच्या साहेबांनी. आणि मॅडम आम्हाला नदी वाचायला देतात. ही हिंमत म्हणायची की कावा?

पुस्तक चांगलं आहे, हीच तर पंचाईत आहे. पण त्यात पानोपानी 'आपण' येतो. आपण पाणी नासवलं, आपण झाडं तोडली. मी वाचता वाचता थांबते आणि विचारते, कोण आपण? मी? टेलरबाईची पोरगी? आपल्या भाषेत 'आम्ही' म्हटलं की समोरचा वगळला जातो आणि 'आपण' म्हटलं की तो आत ओढला जातो. साहेबांच्या बायकोने 'आपण' म्हटलं की मी पाय आखडून बसते.

तर माझा पहिला संशय तिच्यावर आहे.

तुझी (तू मान, मानू नकोस)
वहिनी


२६ फेब्रुवारी

वन्सं,

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे कुणीतरी घेतलं. तूच घेतलंस असं धरते.

मी मॅडमकडे गेले होते. पुस्तक परत करायचं निमित्त केलं. बंगल्याच्या मागच्या दारात प्यायच्या पाण्याच्या मोठ्या बाटल्यांची रांग होती. बाहेरगावाहून गाडीने येतात त्या. मी बघितलं, आणि मी बघितलं हे मॅडमनी बघितलं.

"बसा ना," म्हणाल्या.

"नको, उभीच बरी. दिवसभर उभं राहायची सवय आहे."

त्यांनी चहा केला, स्वतः. तो त्याच बाटलीतल्या पाण्याचा असणार, असं मनात आलं, तरी प्यायले. मग मी सरळ विचारलं. म्हटलं, "मॅडम, माझ्या नणंदेचं साहेबांना तुम्ही सांगितलंत का?"

त्यांचा चेहरा पडला. रागावल्या नाहीत. मला राग हवा होता. राग आला असता तर काहीतरी उकललं असतं.

म्हणाल्या, "त्या शनिवारी रात्री जेवताना त्याने विचारलं, तुमच्या मंडळात काय चालतं? मी म्हटलं, पुस्तकं वाचतो. तर हसला. म्हणाला, वाचा, वाचा, त्या नर्सबाईंचं मला तू सांगायच्या आधीच कळलंय. मी ताट बाजूला सारलं. पण मी एक अक्षर बोलले नाही."

"नंतर तरी बोलायचं होतंत."

"कुणाशी? तुमच्याशी? तुम्ही माझ्याकडे कशा बघता ते मला कळत नाही का?"

मी कप ठेवला आणि निघाले. बाई खरं बोलत असेलही. किंवा असं आहे, की चांगलं बोलता येणं हेच तिचं शिक्षण. मी तिचं बोलणं उजेडावर धरून उलटसुलट बघते आहे. डाग दिसत नाही, पण त्यावर मी समाधान मानणाऱ्यातली नाही.

एक गोष्ट मात्र मनात टोचते. तिचं खरं धरलं तर साहेबांना रविवारी नव्हे, शनिवारीच कळलं होतं. दुपारी आपण उठलो आणि रात्रीच्या जेवणाआधी बातमी बंगल्यात. म्हणजे सांगणारीने घरी जाऊन विचारही केला नाही. तडक गेली आणि सांगितलं.

तडक जाईल अशी कोण? हेडबाई. साहेबांच्या मुलाची शिकवणी घ्यायला त्या संध्याकाळी बंगल्यावर जातात. तू त्यांना फार मानायचीस, म्हणून हे लिहिताना बोटं जड होतात. पण लिहिते.

घरी सगळं ठीक आहे. तुझा दादा आता डबा नेतो. कँटीनचं जेवण पचत नाही म्हणे. आणि तुला एक गंमत सांगते. ते रोज भांडी घासतात! मी न सांगता. संध्याकाळी येतात, बाह्या वर करतात आणि मोरीपाशी उभे राहतात. तू असताना ताट उचलून ठेवायचे नाहीत ते! मी मंडळात सांगितलं, घरकामाचं पुस्तक मी मोठ्याने वाचायचे ना, ते त्यांच्या कानावरून जायचं, त्याचाच हा परिणाम. हेडबाई म्हणाल्या, "बघा, पुस्तक माणूस बदलतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा फुगलेच. भांडी घासणाऱ्याला 'अहो' म्हणायला मजा येते.

वहिनी


१५ मार्च

वन्सं,

हेडबाईंनी यावेळी मौनावरचं पुस्तक निवडलं. माणूस गप्प बसायला शिकला की त्याला स्वतःचा तळ दिसतो, असं त्यात आहे. मजकूर थोडा आणि कोरी जागा फार. तसला कागद आमच्याकडे पहिल्या प्रतीचा म्हणून जातो. हेडबाई डोळे मिटून वाचत होत्या, म्हणजे पाठच आहे त्यांना. टेलरबाई खिडकीबाहेर बघत होती. मी हेडबाईंच्या तोंडाकडे बघत होते. मनात म्हटलं, शिकवणाऱ्या बाईला आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवायची सवय, आता पुस्तक सापडलं.

मंडळ संपल्यावर जिन्यात गाठलं.

"हेडबाई, त्या शनिवारी इथून तुम्ही कुठे गेलात?"

"का गं?"

"बंगल्यावर गेलात का? शिकवणीला?"

हेडबाईंनी चष्मा काढला. तू असतीस तर घाबरली असतीस. त्या म्हणाल्या, "मी टेलरबाईबरोबर खालच्या लाइनीत गेले. तिची पोरगी बघायला. तुझ्या नणंदेने सांगितल्यावर मला चैन पडेना. अंधार पडेपर्यंत तिथेच होते. शिकवणीला गेलेच नाही. विचार टेलरबाईला."

टेलरबाई मागेच होती. "होय की," म्हणाली. "पोरीला गोष्ट सांगून झोपवली बाईंनी. ओल्या फडक्याने पाय पुसले तिचे."

माझं तोंड बारीक झालं. टेलरबाईवर मी संशय घेतलाच नव्हता असं म्हणत नाही, घेतला होता. तिच्या नवऱ्याला मध्यंतरी कायम केलं, तेवढ्यावरून. पण आता दोघी एकमेकींच्या साक्षीला उभ्या. आणि ज्या बाईच्या लेकराच्या अंगावर चट्टे आहेत, ती तुझं तोंड बंद करायला कशाला जाईल?

मी निघाले तशी हेडबाई मागून म्हणाल्या, "आम्हा सगळ्यांना विचारून झालं. तू त्या दिवशी घरी जाऊन कुणाला सांगितलंस?"

"मी कुणाला सांगणार?" म्हटलं. "माझ्या घरी आहे कोण?"

एवढं बोलून आले.

वन्सं, आता घरी बसून हे लिहिते आहे आणि ते वाक्य डोक्यातून जात नाही. माझ्या घरी आहे कोण. मूल नाही, सासू-सासरे नाहीत. तू होतीस, आता तूही नाहीस.

त्या दुपारी आपण दोघी बरोबरच घरी आलो, आठवतं? तू चहा टाकलास. मी कपडे काढायला गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा तू हात हलवून हलवून काहीतरी सांगत होतीस आणि तुझा दादा कामाचे बूट चढवता चढवता ऐकत होते. त्यांना दुसरी पाळी होती. तू त्यांना काय सांगत होतीस?

मला वाटतं, मी थकले आहे. उद्या पुन्हा वाचून मगच हे पोस्टात टाकीन.

वहिनी


३ एप्रिल

वन्सं,

मागचं पत्र मी बरेच दिवस टाकलं नव्हतं. आता दोन्ही एकाच पाकिटात घालते. आधी ते वाच.

त्या रात्रीनंतर मी तुझ्या दादाकडे बघायला लागले. म्हणजे नवऱ्याकडे बायको बघते तसं नव्हे, टेबलावरच्या तावाकडे बघते तसं. आणि एकेक दिसायला लागलं. डबा नेतात तो नेमका तू गेल्यापासून. पचनाचा काही संबंध नाही. रविवारी मी केलेलं तिखट चाटूनपुसून खातात. बढतीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो कपाटात टाकला आणि शेजाऱ्यांनी पेढे मागितले तर "देऊ, देऊ" म्हणून आजतागायत दिले नाहीत. तुझं नाव निघालं की पाणी प्यायला उठतात. आणि भांडी.

भांडी मला सगळ्यात जास्त लागली. कारण मी हिशेब लावला तर भांडी घासणं तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं. त्या आठवड्यात मी पुस्तक हातातही घेतलं नव्हतं. मी चार बायकांसमोर टाळ्या घेतल्या त्या कशाच्या?

परवा सकाळी पाळीवरून आले. मी कामावर जायला निघत होते. ते मोरीपाशी उभे, कढई घासत होते. स्वच्छ कढई. मी आदल्या दिवशीच घासून ठेवलेली.

म्हटलं, "अहो, ती घासलेली आहे."

ते घासतच राहिले.

"त्या दिवशी चहा घेताना वन्संनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

हात थांबला. नळ चालू होता. मी जाऊन बंद केला.

"तू नको बोलूस गं," म्हणाले. "मी सांगतो. मला एकदा सांगू दे."

आणि उभ्याउभ्या, हाताला राख तशीच, त्यांनी सांगितलं ते असं. पाळीच्या मधल्या सुट्टीत कँटीनला गेले. टेबलावर सगळे आपापलं सांगत होते. कुणाचा मुलगा वर्गात पहिला आला, कुणाच्या लेकीला परदेशात नोकरी लागली. "माझ्याकडे सांगायला काय असतं? मी नेहमी ऐकूनच घेतो. त्या दिवशी होतं. म्हटलं, माझी बहीण बघा. आई-बाप गेले तेव्हा एवढीशी होती, मी वाढवली. आज कुणाच्या बापाला भीत नाही. सरळ तपासणीवाल्यांना पत्र लिहिणार आहे, साहेबाला घाम फोडणार आहे. सगळे हसले. मला इतकं बरं वाटलं. मग मागे वळलो, तर मागच्या टेबलावर कचेरीतला माणूस बसलेला. भरती-बढती बघतो तो. ताट तसंच टाकून उठला."

"म्हणजे तुम्ही..."

"फुशारकी मारली गं. दुसरं काही नाही. आईची शपथ."

मी म्हटलं, "आणि इतके दिवस? ती मला तोंडावर बोलून गेली. तुम्ही दारात उभे होतात. ऐकत होतात."

"होतो."

"मग?"

त्यांनी काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते उत्तर मला अजून गिळता आलेलं नाही. म्हणाले, "मला वाटलं, नणंद-भावजयीचं भांडण आहे. मिटेल आपोआप."

वन्सं, मी खाली बसले. हसू आलं की रडू ते कळलं नाही. तू म्हणालीस खोलीत पाच जणी होतो. मी पाचांतून तुला आणि मला वगळलं आणि तिघींच्या मागे हात धुऊन लागले. मॅडमच्या घरात पाण्याच्या बाटल्या मोजल्या, हेडबाईंना जिन्यात अडवलं. बायकांनी बायकांवर विश्वास कसा ठेवायचा याची पुस्तकं आपण वाचत होतो, आणि चुगली केली म्हटल्यावर तुझ्या-माझ्या डोक्यात एकूण एक बाईच आली. घरातला पुरुष आलाच नाही. तुझ्या तर हातचा चहा पिऊन गेला होता तो. चुगली हा शब्दच आपल्याला बाईचा वाटतो.

मी शेवटी विचारलं, "आणि बढती?"

"ती येणारच होती. माझा नंबर होता."

"कशावरून?"

त्यांनी कढई पालथी घातली. मग म्हणाले, "तेच मी रोज स्वतःला विचारतो. डबा घेऊन एकटा बसतो ते उगाच नाही."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवते का? तुला खोटं सांगणार नाही. फुशारकीचं खरं वाटतं. तो चेहरा मी ओळखते, तुझ्या नर्सिंगच्या निकालाच्या दिवशी होता तसाच झाला होता सांगताना. पण बढतीपाशी आले की माझा हात तावावर थांबतो. तिथे काहीतरी आहे, किंवा मला दिसायची सवय लागली आहे. तू त्यांची सख्खी बहीण. तूच ठरव.

मौनाचं पुस्तक मी हेडबाईंना परत दिलं. म्हटलं, लिहिणाऱ्याने एकट्याच्या मौनाचं लिहिलंय. घरातल्या मौनाचं कुणी लिहिलं असेल तर ते द्या.

वहिनी


१४ एप्रिल

वन्सं,

हे पत्र मी पत्ता स्वतःच्या हाताने घालून पाठवते आहे.

मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्याच्या शनिवारी मी त्यांना मंडळात घेऊन गेले. त्या जिन्यावर पुरुषाचं पाऊल पहिल्यांदाच पडलं असेल, दिवे बदलायला येणारा सोडला तर. दारात अडखळले. म्हणाले, "इथेच सांगू का?" मी म्हटलं, "कँटीनमध्ये उभं राहून बोलता येतं, तर इथे बसून बोलता येईल." तुझ्या खुर्चीवर बसायला निघाले, मी दुसरी पुढे केली.

त्यांनी सांगितलं. मान वर न करता, पण काही गाळलं नाही. बढतीचंही सांगितलं, आणि दारात उभं राहून ऐकलं तेही.

नंतर जी शांतता पसरली ती पुस्तकातली नव्हती. मग हेडबाई मॅडमकडे बघून म्हणाल्या, "मला इतके दिवस तुमचा संशय होता." मॅडम म्हणाल्या, "आणि मला तुमचा. तुम्ही शिकवणीला आला नाहीत तेव्हा वाटलं, तोंड दाखवायला लाजताय." आणि दोघींनी माझ्याकडे बघून सांगितलं, "तुझाही होता, बढतीनंतर तर पक्काच." मी म्हटलं, "वाटलंच मला." टेलरबाई मात्र एकदम उठली. इतक्या वर्षांत त्या बाईचा एवढा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता.

"छान!" म्हणाली. "तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलात. एकीने नदी आणली, एकीने मौन आणलं. माझी पोरगी रात्रभर खाजवतेय. ते पत्र गेलं का, हे कुणी विचारलं? ज्याच्यासाठी तिची नोकरी गेली, ते पत्र कुठाय?"

वन्सं, पत्र गेलंच नव्हतं. तू लिहिणार होतीस, त्याआधीच तुला घालवलं. आणि आम्ही कुणी सांगितलं ते शोधत बसलो. काय सांगितलं, ते विसरूनच गेलो.

तिथल्या तिथे लिहिलं. हेडबाईंनी मजकूर सांगितला, मी लिहून काढलं, टेलरबाईने मध्ये मध्ये हेडबाईंचे मोठे शब्द काढून टाकायला लावले. मी 'आपण' कुठे येऊ दिला नाही. 'आम्ही' लिहिलं. आम्ही, खाली सह्या करणाऱ्या. टेलरबाईने सही केली, हेडबाईंनी केली, मी केली. मग यांनी पेन मागितलं. मी म्हटलं, "बढती?" ते म्हणाले, "जाईल तर कळेल तरी, कशासाठी आली होती ते." पहिल्यांदाच त्या दिवशी मला ते बरे वाटले. पूर्ण नाही, पण वाटले.

मॅडमनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला थोडा वेळ द्या." पर्समधून खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडे असू दे. उद्या केंद्राने खोली बंद करायची म्हटली तर माझ्याकडे मागायला यायला नको." आणि गेल्या. त्यांनी घरी जाऊन काय केलं, ठाऊक नाही. टेलरबाई म्हणते, सांगितलं असणार. मी म्हटलं, आता काय सांगणार? आपणच तर सगळं लिहून, सह्या करून पाठवतोय.

हेडबाईंनी पत्र स्वतः नेऊन दिलं, म्हणून कार्यालयाचं उत्तर लगेच आलंय. तीस तारखेला अधिकारी येणार आहे, विहिरीचं आणि ओढ्याचं पाणी घेणार आहे. त्याला पोरांना तपासणाऱ्या परिचारिकेशी बोलायचं आहे. डॉक्टर बोलणार नाहीत, ते आत्ताच रजेवर गेले.

म्हणून हे लिहिते. माझ्यासाठी येऊ नकोस, तुझ्या दादासाठी तर मुळीच नको. तुला यावंसं वाटलं तर ये. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे, पण तू तिथे राहायलाच हवं असं नाही.

वहिनी


२२ एप्रिल

वहिनी,

पाचही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं, मग जोडून वाचलं.

मी येते. एकोणतीसला संध्याकाळी पोचेन. तुमच्याकडे उतरणार नाही, टेलरबाईकडे उतरेन. पोरीला बघायचं आहे. तू तिथे ये. माझ्याशी बोलायला काय विषय काढावा असा विचार करत येऊ नकोस, नुसती येऊन बस.

दादाला मी चहा देताना सगळं सांगितलं होतं, हे मला तुझं पत्र वाचेपर्यंत आठवलं नव्हतं. खरंच नव्हतं. तो मोजण्यातला माणूस होताच कुठे? तो दादा होता. तुला जे बोलले ते परत घेता येत नाही, आणि मी सहज माफी मागणाऱ्यातली नाही, तुला माहीत आहे. पण तुझ्यावर बोट ठेवायला मला एक क्षणही लागला नाही, हे मला फार दिवस पुरेल.

त्याने फुशारकी मारली, एवढंच ना? मला अजून पटलेलं नाही. बढतीपाशी माझाही हात थांबतो. त्याला समोर उभा करून विचारल्याशिवाय मी काही मानणार नाही, आणि विचारल्यावरही मानीनच असं नाही.

मॅडमवर लक्ष ठेव. किल्ली देणं सोपं असतं.

आणि दादाला एक निरोप सांग. म्हणावं, तीस तारखेला तुझी बहीण येऊन जे पाहिलं ते सगळं बोलणार आहे. ही बातमी त्याने आधी कँटीनमध्ये द्यावी. डबा घरी ठेवून, त्याच टेबलावर बसून. आणि यावेळी मागे कोण बसलंय ते बघून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

वन्सं